चांदीचं मूळ आणि चांदीचा अर्थ



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, चांदी हा शब्द चंद्रावरून आला असेल तर चांदीचा खरा अर्थ चंद्राशीच जोडलेला असणार ना?" वेळ संपली होती, म्हणून मी 'पुढच्या वेळी बोलू' असं सांगून सुटका करून घेतली. घरी जाताना लक्षात आलं, की या प्रश्नातला 'खरा' हा शब्द माझ्यासारख्या मास्तरांनीच त्यांच्या तोंडी दिलेला आहे. कोणतीही संकल्पना शिकवायची झाली की आम्ही फळ्यावर आधी धातू लिहितो, मग प्रत्यय लिहितो आणि सांगतो, की हा बघा या शब्दाचा खरा अर्थ.

मी स्वतः वर्गात अनेक वर्षं 'रुपया' या शब्दावर एक छोटंसं प्रवचन देत असे. रूप, रूप्य, रुपया. म्हणजे पैसा हे नुसतं रूप आहे, त्याच्या आत तत्त्व काही नाही. वेदान्तातला नामरूपाचा सिद्धान्त आपण रोज खिशात घेऊन हिंडतो. मुलं खूश व्हायची, मीही खूश व्हायचो. आज मला त्या प्रवचनावर टीका करायची आहे. शब्दाचं मूळ सांगणं वेगळं आणि शब्दाचा अर्थ सांगणं वेगळं, हा आजचा मुद्दा. उदाहरण एकच घेऊ : चांदी.

आपल्याकडे चांदीला तीन-चार नावं आहेत. रजत, रुपे किंवा रौप्य, आणि चांदी. माझी आई रुपंच म्हणायची. 'रुप्याची वाटी', 'रुप्याचे वाळे'. चांदी हा शब्द आमच्या घरात सराफाकडून आला. तर एकेक नाव तपासून बघू.

पहिलं रजत. आपल्या परंपरेतली व्युत्पत्ती या शब्दाचा संबंध रंज् धातूशी जोडते, म्हणजे रंगवणं, खुलवणं. आधुनिक भाषाशास्त्र वेगळं सांगतं. त्यानुसार रजत, अवेस्तामधला त्याचा भाऊ 'अर्जत', ग्रीक 'अर्गुरोस' आणि लॅटिन 'अर्जेंटम' हे एकाच कुळातले शब्द आहेत आणि त्या कुळाचा मूळ अर्थ पांढरं, लखलखीत असा आहे. अर्जेंटिना या देशाचं नाव त्या लॅटिन शब्दावरून आलं. आपला अर्जुनही याच कुळातला. अर्जुन म्हणजे शुभ्र. पण गंमत बघा. विराटपर्वात अर्जुन उत्तराला आपल्या दहा नावांचे अर्थ सांगतो. 'अर्जुन' या नावाशी पोचल्यावर तो आपल्या दुर्मीळ कांतीचा उल्लेख करतो आणि त्याला जोड देतो ती आपण शुद्ध कर्म करतो या कारणाची. म्हणजे रंगाचा शब्द त्यानं आचरणाचा करून टाकला.

वैदिक वाङ्मयात रजत हे मुळात विशेषण आहे. 'रजत हिरण्य' असा प्रयोग येतो, म्हणजे पांढरं हिरण्य. पुढे हिरण्य गळून पडलं आणि विशेषणच धातूचं नाव होऊन बसलं. आता विचार करा. रंज् हे मूळ धरलं तर एक अर्थ, शुभ्रतेचं मूळ धरलं तर दुसरा. पण परंपरेनं रंज् मानलं म्हणून कुणी संस्कृत पंडित रजताच्या जागी भलतीच वस्तू घेऊन आला, असं कधी झालं का? व्युत्पत्ती बदलली तरी वाटी तीच राहिली.

दुसरं नाव चांदी. हा शब्द चंद्र शब्दाच्या कुळातला, हे आपल्या श्रोत्यांनी बरोबर ओळखलं. पण चंद्र हे तरी आकाशातल्या गोळ्याचं मूळ नाव कुठे आहे? चंद्र म्हणजे चमकणारा. आकाशातल्या चंद्राला संस्कृतमध्ये जुना शब्द 'मास्' असा आहे, ज्यावरून आपला महिना आला. 'चंद्रमस्' म्हणजे चमकणारा मास्. इथेही विशेषणानं नाम बाजूला सारलं आणि जागा बळकावली. आणि वेदांत 'चंद्र' हा शब्द धातूसाठी येतो तेव्हा त्याचा अर्थ काय होतो माहीत आहे? सोनं! चमकणारं ते चंद्र, मग ते सोनं का असेना. आता 'मूळ अर्थ तोच खरा अर्थ' हा नियम लावायचा असेल तर उद्या सराफाकडे जाऊन म्हणावं लागेल, की चंद्र म्हणजे मुळात सोनं, तेव्हा चांदीच्या भावात मला सोनं द्या. सराफ पाणी विचारेल आणि बसायला सांगेल, एवढंच.

नुसत्या ध्वनीच्या ओढीनं किती फसायला होतं, त्याची दोन उदाहरणं. चंदेरी साडी. चंदेरी म्हणजे चांदीसारखी, असं वाटतं. साडीचं नाव मात्र मध्य प्रदेशातल्या चंदेरी गावावरून आलं आहे. पेशवाईच्या काळात चालणारा चांदवडी रुपया. तो चांदीचा होताच, म्हणून चांदीवरून चांदवडी, असं कुणीही म्हणेल. पण तो चांदवडच्या टांकसाळीतला, म्हणून चांदवडी. वस्तू चांदीची, नावाला चांदीचा वास, आणि तरीही नावाचा चांदीशी संबंध नाही.

तिसरं नाव रूप्य, आणि इथेच माझं प्रवचन कोसळतं. पाणिनीनं रूप शब्दावरून रूप्य हा शब्द साधताना दोन अर्थ दिले आहेत. एक, ज्यावर ठसा मारला आहे ते; दुसरा, देखणं. अमरकोश तर स्पष्ट सांगतो, की सोनं आणि चांदी या दोन्हींवर ठसा मारला की त्याला रूप्य म्हणायचं. म्हणजे रूप्य हे एका टप्प्यावर धातूचं नावच नव्हतं. ते कामाचं नाव होतं : ठोकलेलं, छाप उमटवलेलं. त्याच अमरकोशात थोडं पुढे गेलात की चांदीच्या पर्यायांतही रूप्य सापडतं. ठशाचा शब्द धातूला चिकटला. मग या रूप्यावरून पुन्हा नाण्याचं नाव आलं. शेरशाह सूरीनं, त्याचा राज्यकाळ १५४० ते १५४५, सुमारे साडेअकरा ग्रॅम चांदीचा रुपया पाडला आणि ते नाव टिकलं. नाण्यावरून धातू, धातूवरून नाणं. आज इंडोनेशियाचा रुपिया आणि मालदीवची रुफिया हेही त्याच घरातले.

तर रुपयातलं 'रूप' हे वेदान्तातलं नामरूपामधलं रूप नाही. ते हातोड्याच्या घावाखाली उमटलेलं चित्र आहे. मी वर्गात ठशाला माया म्हणत होतो. शब्द एकच, वाट वेगळी, आणि वाट न बघताच मी अर्थ सांगून मोकळा झालो होतो.

बरं, रुपयाची पुढची गोष्टही बघा. १८३५ साली कंपनी सरकारनं सगळ्या मुलखासाठी एकाच वजनाचा रुपया ठरवला. वजन एक तोळा, बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी. हा कलदार रुपया. त्याआधी निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत आणि एकाचा दुसऱ्याशी बदल करताना बट्टा द्यावा लागे. आपण 'नावाला बट्टा लागला' म्हणतो, तो हाच. घरोघरी रुपया हे नाणंही होतं आणि वजनही; 'रुपयाभार' हळद, 'रुपयाभार' मध. नाव, नाणं, धातू आणि वजन अशी चारही कामं एकच शब्द करत होता. अशा वेळी असं वाटणारच, की रुपयाचा अर्थ म्हणजे त्यातली चांदी.

मग १८७०नंतर जगात चांदीचा भाव घसरत गेला आणि त्याबरोबर रुपयाची परदेशी किंमतही. १८९३ साली सरकारनं लोकांकडून चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद केलं. त्या दिवसापासून रुपयातल्या चांदीची किंमत एक आणि रुपयाची किंमत दुसरी झाली. नाणं तेच, खणखणाट तोच, पण अर्थ धातूपासून सुटला. १९४० साली रुपयात निम्मीच चांदी उरली, १९४७ साली रुपया निकेलचा झाला. आज फोनवर बोट टेकलं की रुपये जातात. त्यात ना चांदी, ना ठसा. तरी तो रुपयाच. मूळ जाऊन शब्द शिल्लक राहिला आणि व्यवहारात एका पैशाचाही गोंधळ झाला नाही.

आता उलट उदाहरण घ्या. इंग्रजी 'सिल्व्हर'. जर्मन, बाल्टिक आणि स्लाव भाषांत त्याची भावंडं आहेत, बास्क भाषेत 'झिलार' आहे, पण हा शब्द मुळात कोणत्या भाषेतून निघाला याचा निकाल विद्वानांमध्ये लागलेला नाही. व्यापाऱ्यांबरोबर मुलूखभर भटकलेला शब्द दिसतो. मग काय, इंग्रजांना सिल्व्हर म्हणजे काय ते कळत नाही? ज्या शब्दाचं मूळ सापडत नाही त्यालाही भरगच्च अर्थ असतो, ही एकच गोष्ट मूळवादाला पुरेशी अडचणीची आहे. आणि जर्मन सिल्व्हर नावाच्या मिश्रधातूत तांबं, निकेल, जस्त असतं. चांदी अजिबात नसते. आपल्याकडे तर अॅल्युमिनियमच्या पातेल्यालाच 'जर्मनचं पातेलं' म्हणतात. त्याचं नाव ऐकून कुणी बर्लिनला जात नाही.

तुम्ही म्हणाल, सर, हे सगळं पाश्चात्त्य भाषाशास्त्र झालं. अजिबात नाही. हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. यास्काच्या निरुक्तात गार्ग्याचा आक्षेप नोंदलेला आहे. सगळी नामं धातूंपासूनच आली असं मानलं, तर रस्ता कापतो तो अश्व, मग रस्ता कापणाऱ्या प्रत्येकाला अश्व का म्हणत नाहीत? यास्क त्याला उत्तर देतो, पण आक्षेप लपवत नाही, हे त्याचं मोठेपण. पुढच्या शास्त्रकारांनी शब्दांचे प्रकारच पाडले. अवयवांवरून अर्थ निघतो तो यौगिक, वापरानं ठरतो तो रूढ, आणि दोन्ही मिळून तो योगरूढ. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेलं. पण चिखलात बेडूकही जन्मतो, त्याला आपण पंकज म्हणत नाही. मंडप म्हणजे अवयवार्थानं पेज पिणारा! लग्नाच्या मंडपात असा अर्थ कुणी काढत बसलं तर अक्षता राहायच्या बाजूला. आणि यौगिक अर्थ व रूढ अर्थ यांत भांडण लागलं तर रूढी जास्त बलवान, असा निर्णय याच परंपरेनं दिला आहे. परंपरेच्या नावानं जे लोक मूळ धातू दाखवतात, त्यांनी परंपरेचाच हा अर्धा भाग वाचलेला नसतो.

चांदीबद्दलचीच एक वैदिक कथा घ्या. तैत्तिरीय संहितेत येते. देवांनी आपलं धन अग्नीकडे ठेवलं. अग्नीला मोह पडला आणि तो धन घेऊन निघाला. देवांनी पाठलाग करून ते हिसकावलं, तेव्हा तो रडला. रडला म्हणून रुद्र. आणि त्याचा जो अश्रू गळला त्याची चांदी झाली. म्हणून यज्ञात चांदीची दक्षिणा देऊ नये. दिली तर वर्षाच्या आत घरात रडण्याची वेळ येते. कथा सुंदर आहे, आणि तिच्यात व्युत्पत्ती व मूळ दोन्ही आहेत. मीमांसकांनी तिचं काय केलं? ते श्रद्धाळू लोक होते, वेदाचं अक्षरही टाकणारे नव्हते. त्यांनी ठरवलं, की हा अर्थवाद आहे. चांदी खरोखर अश्रूपासून झाली, हे सांगणं हा या वाक्याचा हेतूच नाही. वाक्याचं तात्पर्य 'त्या जागी चांदी देऊ नये' एवढ्या निषेधात आहे. मूळकथा कशासाठी सांगितली जाते आहे, ते आधी बघा, असा हा धडा आहे. मला वाटतं, प्रत्येक व्युत्पत्तीला हाच प्रश्न विचारावा. ही का सांगितली जाते आहे? हिच्याकडून कोणतं काम करून घ्यायचं आहे?

मग मूळ शोधणं वाया जातं का? मुळीच नाही. मी शब्दकोशांचा वेडा माणूस आहे. मूळ आपल्याला इतिहास सांगतं; माणसांनी एखाद्या वस्तूत पहिल्यांदा काय पाहिलं, ते सांगतं. कुणी पांढरेपणा पाहिला, कुणी चमक, कुणी ठसा. फ्रेंचमध्ये 'आर्जां' म्हणजे चांदीही आणि पैसाही. हिब्रूमध्ये 'केसेफ'चंही तेच. या जुळणीतून व्यापाराचा इतिहास दिसतो. आणि कधी कधी नावात दडलेली पायरी दिसते. अमरकोशात चांदीचा एक पर्याय आहे 'दुर्वर्ण'. सोनं ते सुवर्ण, चांगल्या रंगाचं. म्हणून चांदी दुर्वर्ण, वाईट रंगाची! चांदीत स्वतःत वाईट काय आहे? शेजारी सोनं ठेवलं आणि मापायची काठी सोन्याच्या हातात दिली, एवढंच. आजही रौप्यपदक दुसऱ्याला, रौप्यमहोत्सव पंचविसाव्याला. सोनं पायात घालायचं नाही, म्हणून पैंजण आणि जोडवी चांदीची. नाव ठेवणाऱ्यानं उतरंडही रचून ठेवली.

'वर्ण' हा शब्द आला आहे, तर त्याच्यावरून पुढे जाता येणार नाही. आपल्याकडे एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. वर्ण हा शब्द वृ धातूपासून, वृ म्हणजे निवडणं. म्हणजे वर्ण मुळात माणसानं निवडायचा होता. म्हणजे व्यवस्था मुळात निर्दोष. मी असं म्हणणाऱ्यांचा हेतू वाईटच असतो असं म्हणत नाही. काहींना त्यातून सुधारणाच करायची असते. पण आत्ता आपण चांदीवर जे शिकलो ते इथे लावा. चंद्र म्हणजे मुळात सोनं, यावरून जशी चांदी सोनं होत नाही, तसं वृ धातूवरून शेकडो वर्षांचा व्यवहार ऐच्छिक ठरत नाही. शब्दाचा अर्थ व्यवहारात असतो, आणि तो व्यवहार कसा होता हे ज्यांनी सोसलं त्यांना विचारावं लागतं. धातुपाठ त्याचा साक्षीदार होऊ शकत नाही.

इथे डॉ. आंबेडकरांची आठवण येते, आणि ती चांदीच्याच वाटेनं येते. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपया स्थिर करायचा म्हणजे काय, हा त्यातला एक मोठा प्रश्न. त्यांचा आग्रह असा, की रुपयाचा परदेशी चलनाशी भाव बांधून ठेवला म्हणजे काम झालं असं समजू नका. त्या रुपयात सामान्यपणे किती वस्तू मिळतात, ते स्थिर आहे का बघा. रुपया काय आहे हे त्याच्या क्रयशक्तीवरून ठरवायचं. आणि १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर प्रश्न होता तोही व्यवहाराचा : तळं सार्वजनिक म्हणता ना, मग त्यातलं पाणी कोण घेऊ शकतो? 'सार्वजनिक' या शब्दाची व्युत्पत्ती निर्दोषच आहे, सर्व जनांचं ते सार्वजनिक. त्या ओंजळभर पाण्यानं मात्र तिथल्या वापरातला अर्थ उघडा पाडला. दोन्ही ठिकाणी रीत एकच दिसते मला.

शेवटी आमच्या तत्त्वज्ञानातलं चांदीचं प्रसिद्ध उदाहरण, शुक्तिरजत. वाळूत शिंपला चमकतो आणि माणूस म्हणतो, 'हे रुपं आहे.' ही चूक नेमकी कशी होते यावर आपल्या दर्शनांनी शतकानुशतकं वाद घातला. नैयायिक म्हणतात, दुसरीकडे पाहिलेली चांदी इथे भासली. प्राभाकर म्हणतात, समोरचं दिसणं आणि आधीच्या चांदीची आठवण यांतला फरक कळला नाही. अद्वैती म्हणतात, ती भासलेली चांदी धड आहेही म्हणता येत नाही, धड नाहीही म्हणता येत नाही. पण चूक कळते कशी? वात्स्यायनाच्या न्यायभाष्याची सुरुवातच या मुद्द्यानं होते : ज्ञान बरोबर होतं की नाही, ते त्यावर विसंबून केलेली कृती सफल होते का, यावरून समजतं. वाका, उचला, हातात घ्या. त्याचं कडं घडतं का बघा. मला हल्ली वाटतं, व्युत्पत्तीवर भाळणारा माणूसही वाळूतला शिंपलाच पाहत असतो. चमक खरी असते, पण तो तिला भलतंच नाव देतो. मीही रुपयाबाबत तेच केलं होतं.

आई गेल्यानंतर आम्ही भावंडं तिचे वाळे आणि दोन वाट्या घेऊन सराफाकडे गेलो होतो. त्यानं टंच काढला, घट धरली, मोडीचा भाव सांगितला. एका वाटीबद्दल म्हणाला, "ही चांदी नाही, जर्मन आहे." आई आयुष्यभर तिला रुप्याची वाटी म्हणत होती. आम्ही तिघांनी तीच वाटी मोडीत दिली नाही. तशीही तिची मोड आली नसती. ती माझ्याकडे आहे, आणि घरात आम्ही तिला अजून रुप्याचीच म्हणतो. ती चांदीची आहे असा आमचा दावा नाही. आईच्या तोंडी तो शब्द ज्या वाटीसाठी होता ती ही वाटी, एवढंच त्या नावाचं काम.

तर ज्या श्रोत्यांनी प्रश्न विचारला त्यांना माझं उत्तर : होय, चांदीचं नातं चंद्राशी आहे, आणि ते जरूर शोधा, त्यात फार आनंद आहे. फक्त त्याला 'खरा अर्थ' म्हणू नका. आणि कुणी तुम्हाला खरा अर्थ म्हणून एखादा धातू दाखवला, तर विचारा, की हा शब्द कोण, कुणासाठी, कशाकरता वापरतंय?

पुढच्या वेळी 'कसोटी' या शब्दावर बोलू. प्रश्न असतील तर आत्ता विचारा, आज वेळ आहे.